बर्फाची ओळ

सहा हजार तीनशे बारा ओळी आहेत वेळापत्रकात.
प्रत्येकीला सुरुवात, शेवट,
आणि पुढचीच्या खांद्यावर टेकलेला हात:
मी सुटले की तू.
छत्रपती चौकातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
भिंतभर चिकटवलेला तो कागद
कूलरच्या वाऱ्यानं फडफडतो,
म्हणून खालच्या कडेला
चाचणीत फुटलेले काँक्रीटचे ठोकळे टेकवलेत.

मी त्या कागदाची कारकून.
अकरा कंत्राटदार, महापालिका, वीज, पाणी, रेल्वे,
झाडांची परवानगी वेगळीच,
सगळ्यांच्या तारखा दर मंगळवारी माझ्याकडे येतात
आणि प्रत्येक जण म्हणतो,
आमच्याकडून काही अडलं नाही.

लाल ओळींना सवड नसते.
ती एक दिवस सरकली की उड्डाणपूल एक दिवस सरकला.
निळ्यांना असते, नऊ दिवस, बावीस दिवस.
ती सवड नेमकी कुणाची, यावरून
शिकलेली माणसं भांडताना पाहिलीत मी,
धुऱ्यावरून भांडावं तशी.

मे महिना. सेहेचाळीस पूर्णांक दोन.
खांब क्रमांक एकशे सतरा, लाल.
काँक्रीट रात्रीच ओतायचं,
पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घालून,
नाहीतर गाडीतच ते
मन घट्ट करून बसतं.

सातला बिसन मडावीचा फोन:
"मॅडम, बर्फ नाही आला न."
मी स्क्रीनवर शोधलं.
सळई होती, शटरिंग होतं,
वाहतूक पोलिसांचं पत्र होतं,
पंपाचा जादा वायसरसुद्धा होता.
बर्फ नव्हता.
एवढ्या ओळींत कुठेही
मी बर्फ हा शब्द लिहिला नव्हता.

जरीपटक्यात खंडवानींचा कारखाना.
ओल्या भुश्शावरून पाय सांभाळत ते म्हणाले,
"लगीनसराई आहे बेटा. आज एकतीस लग्नं.
तुमच्या साहेबांनी परवा फोन केला.
या लोकांनी दिवाळीत."

दिवाळीत!

काटोल रोडच्या लॉनवर
पुंडलिक नंदनवारांच्या हातात दोनशे पानी वही.
मुलीचं लग्न, आणि पानापानावर समास आखलेला.
ओळ चौसष्ट: बर्फ. खंडवानी. ॲडव्हान्स दिला.
उतरवून घेणार मोठे जावई.
मी ती वही वाचत राहिले,
दुसऱ्या बाईचं भरतकाम पाहावं तशी.
"यात सवड कुठं ठेवली, काका?"
"वरात घ्या न. दीड तास उशिरा येतेच,
धरूनच चाललो मी."
शेवटच्या ओळीसमोर, पाठवणी,
वेळ लिहिलेली नव्हती.

"अर्धा न्या," ते म्हणाले,
"मठ्ठा कोमट पितील लोकं.
पण पूल कधी सुरू होऊन राहिला, ते सांगा."
मी भिंतीवरची तारीख सांगितली.
त्यांनी ती वहीत लिहिली नाही.

पहाटे चारला खांब अर्ध्यावर थांबला.
डिझाइनवाले फोनवर आधी ओरडले,
मग म्हणाले, ठेवा जोड, वरची बाजू खरखरीत करा.
मंगळवारी साहेबांनी विचारलं,
लाल ओळीतले तीन दिवस गेले कुठे?
इतिवृत्तात "साहित्यपुरवठ्यातील विलंब" असं आहे.
तेही खरंच.

नवीन ओळ टाकलीय मी, सहा हजार तीनशे तेरा.
बर्फ. आगाऊ नोंदणी: दिवाळी.
पुढच्या मे महिन्यात कुठली ओळ नसेल,
ते मला अजून माहीत नाही.

काल एकशे सतराखाली सिग्नलला थांबले.
डोक्याच्या जरा वर एक आडवी रेघ आहे,
सांगितल्याशिवाय दिसणार नाही अशी.
खालचा खांब त्या रात्रीचा,
वरचा चौथ्या.
रेघेवर बोट ठेवता येईल का, बघत होते,
तेवढ्यात मागचा ऑटोवाला ओरडला,
"हिरवा झाला न, मॅडम!"